डोळ्याची साक्ष आणि कानाचा निवाडा

गाणे कानाने ऐकावयाचे असते, हे सांगावयास कोणा शास्त्रकाराची आवश्यकता नाही. तथापि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आता गाणे पुष्कळसे डोळ्यांनीच ऐकले जाते, आणि त्याचे बरेवाईट परिणाम आपल्या देवालयांतील भजन-आरत्यांच्या मुद्रणांवर दिसू लागले आहेत. म्हणून या विषयाचा थोडा विचार करणे अगत्याचे वाटते.

निमित्त घडले ते असे. अंत्रूज महालातील एका देवालयात घुमट-आरतीचे मुद्रण झाले. घुमट, शामेळ, झांज आणि गाणारी मंडळी यांच्यापुढे वेगवेगळे मायक्रोफोन ठेवून प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र घेतला होता. आरती पुढे होऊन म्हणणारे वयोवृद्ध गृहस्थ काही महिन्यांनी निवर्तले, आणि ते मुद्रण हीच त्यांच्या गळ्याची एकमेव खूण उरली. सर्व आवाजांचे मिश्रण होऊन ते घरोघरी आणि परदेशी असलेल्या मुलाबाळांकडे पोहोचले, तेव्हा प्रथम कौतुकच झाले. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र ध्यानात आले की, झांज कानाला टोचते, घुमट पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, आणि ज्या शब्दांसाठी हा सारा खटाटोप, ते शब्दच कळत नाहीत. मिश्रण करणारा तरुण आळशी मुळीच नव्हता. त्याने संगणकाच्या पडद्यावर 'फ्रीक्वेन्सी अनॅलायझर' मांडून कित्येक रात्री जागविल्या होत्या. तो मला म्हणाला, "काका, रेषा तर अगदी सरळ आली आहे." दोष नेमका तेथेच होता.

हे यंत्र करते काय, ते आधी पाहू. कोणताही मिश्र नाद म्हणजे अनेक साध्या कंपनांची बेरीज होय, या विचाराला गणिताचा पाया फूरिये या फ्रेंच गणितज्ञाच्या १८२२ सालच्या ग्रंथाने दिला. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यासाठी लहान तोंडाची पोकळ भांडी वापरली. प्रत्येक भांडे आपल्या ठराविक कंपनसंख्येलाच घुमते. ते कानाशी धरले की मिश्र नादातला तेवढाच अंश उठून ऐकू येतो. गोमंतकीय वाचकास हे नवल वाटू नये. आपला घुमट हेही मातीचे पोकळ भांडेच आहे. त्याचे एक तोंड कातड्याने मढविलेले आणि दुसरे उघडे. त्या उघड्या तोंडावर डाव्या तळव्याची उघडझाप करून वादक नाद पालटतो. पुढे १९६५ साली कूली आणि टूकी यांनी मांडलेल्या रीतीमुळे हेच पृथक्करण संगणकाला झटपट करता येऊ लागले. आज पडद्यावर डावीकडून उजवीकडे २० ते २०,००० हर्ट्झ अशी कंपनसंख्या आणि उभ्या दिशेने डेसिबलमध्ये नादाचे बळ दिसते.

आता तरुणाची पहिली चूक पाहा. बहुतेक संगीताचे बळ खालच्या स्वरांत अधिक असते, म्हणून अशी रेषा उजवीकडे उतरत जाणे हेच स्वाभाविक आहे. त्याला तो उतार म्हणजे उणीव वाटली, आणि त्याने उजवी बाजू उचलून रेषा सपाट केली. झांजेचा झणत्कार त्याच प्रदेशात पसरलेला असतो, तोही अर्थातच उचलला गेला. शिवाय मनुष्याचा कान सर्व कंपनांना सारखा तीक्ष्ण नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखविल्याप्रमाणे तो काही हजार हर्ट्झच्या आसपास विशेष जागरूक असतो. तेव्हा पडद्यावर जे समान उंचीचे, ते कानाला समान बळाचे नव्हे.

दुसरी चूक डाव्या बाजूची. तेथे एक टेकाड दिसत होते. तो घुमटाचा घुमारा होता. पण त्याला तो कचरा वाटला व त्याने तो छाटला. तिसरी चूक अनुकरणाची. एका गाजलेल्या चित्रपटगीताचा आलेख समोर ठेवून त्याने आरतीचा आलेख त्यावर बसविला. ज्या गीतात घुमट नाही आणि शामेळही नाही, त्याचा साचा आरतीला कसा लागावा? जुन्या घुमट-मुद्रणाचा साचा घेतला, तरी तो जपूनच घ्यावा लागेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय दिल्यावर घुमटावर बकऱ्याचे कातडे चढू लागले. कातडे बदलले की नादही बदलणारच.

यंत्राची एक स्वाभाविक मर्यादाही आहे. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या मुद्रणातले ४,०९६ नमुने एका वेळी तपासले, तर यंत्राला सुमारे १२ हर्ट्झहून लहान अंतर नीट वेगळे करता येत नाही. काळी एकच्या पट्टीत पुरुषगळ्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. त्याहून कोमल ऋषभ केवळ आठ हर्ट्झ वर. आपल्या कानाला हे दोन स्वर सहज निराळे कळतात. पडद्यावर ते एकाच उंचवट्यात मिसळतात. चौपट नमुने घेतले, तर स्वर वेगळे दिसतात; परंतु मग एकतृतीयांश सेकंदाचा काळ एकत्र मोजला जातो, आणि द्रुत लयीतल्या घुमटाच्या थापा एकमेकींत विरून जातात. स्वर नीट पाहावा तर थाप निसटते, आणि थाप पकडावी तर स्वर निसटतो.

मग हे यंत्र टाकून द्यावे काय? मुळीच नाही. त्याच तरुणाने दुसरे मिश्रण केले, ते याच यंत्राच्या साह्याने; मात्र क्रम उलटा ठेवला. प्रथम पडदा झाकून ऐकले, काय खटकते ते कागदावर लिहिले, आणि मगच पडदा उघडला. कोणी गात नसतानाही पडद्यावर ५०, १०० व १५० हर्ट्झवर बारीक सुळके दिसले. तो विजेच्या तारांचा गुणगुणाट होता. त्याच्या लहान ध्वनिक्षेपकांतून तो ऐकूच येत नव्हता; तेथे डोळ्याची साक्ष मोलाची ठरली. नंतर गळा आणि झांज यांचे आलेख स्वतंत्रपणे पाहिले. अडीच ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, जेथे व्यंजनांची स्पष्टता असते, तेथेच झांज दाटी करीत होती. गळा मोठा करण्याऐवजी त्याने झांज तेवढ्याच पट्ट्यात तीन डेसिबलने उतरविली, आणि घुमटाचे छाटलेले टेकाड परत दिले. शेवटी, ज्यांना ती आरती लहानपणापासून पाठ आहे अशा वाड्यावरच्या एका आजींना ती ऐकविली. त्यांनी प्रत्येक शब्द म्हाताऱ्याच्या बरोबरीने म्हटला.

दुसरे मिश्रण निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. सभामंडपाचा घोष त्यात जरा अधिक आवरला गेला आहे, त्यामुळे मागून साथ देणारी मंडळी दूर उभी असल्यासारखी भासतात. पण शब्द कळतात.

नादाचे मोजमाप आपल्याकडे नवे नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याच्या साह्याने श्रुतींची कंपने मोजली आणि १९१० साली आपला ग्रंथ काढला. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेतही श्रुतींचा प्रश्न चर्चेला आला. त्या निष्कर्षांविषयी मतभेद झाले. परंतु देवलांनी मोजण्यापूर्वी गवयाला गावयास लावले, ही गोष्ट विसरता कामा नये.

गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान दिला. तो मान मुद्रणांतही टिकवावयाचा, तर देवस्थानांच्या मंडळींनी एक साधी गोष्ट करावी. मिश्रण कितीही सुबक झाले, तरी प्रत्येक वाद्याचे आणि गळ्याचे मूळ स्वतंत्र मुद्रण, काहीही न छाटता, दोन ठिकाणी जपून ठेवावे. येथे ते ठेवलेले होते, म्हणूनच गेलेल्या माणसाचे शब्द परत ऐकता आले.