गाथा मंदिरातील संगमरवर : एक चिकित्सा

निगडीलगतच्या देहू येथील गाथा मंदिरात संत तुकारामांचे अभंग संगमरवरी भिंतींवर कोरलेले आहेत. या वास्तूची चर्चा बहुधा श्रद्धेच्या अंगाने होते. दगडाची निवड मात्र चिकित्सेबाहेर राहते. संगमरवर हा मुख्यतः कॅल्साइटचा रूपांतरित खडक होय. बेसॉल्टच्या या प्रदेशात तो बाहेरूनच आणावा लागतो. मोहस् काठिण्यश्रेणीत त्याचे स्थान ३ च्या आसपास असल्याने त्यावर बारीक अक्षर सुबक उमटते. स्थानिक बेसॉल्ट बराच कठीण आहे. कार्ल्याचे चैत्यगृह त्यातच कोरले गेले हे खरे, परंतु हजारो अभंगांच्या मजकुरासाठी तो फारच कष्टाचा ठरला असता. तेव्हा निवड समर्थनीयच म्हणावी लागेल.

तथापि हा मऊपणाच दोषही होय. भारतीय मानक ११३० संगमरवराच्या जलशोषणास ०.४ टक्क्यांची मर्यादा घालते. पण या कसोटीस उतरलेला दगडही आम्लापुढे टिकत नाही. लिंबू, दही वा फरशी धुण्याचे आम्ल कॅल्साइट विरघळविते. औद्योगिक पट्ट्यातील दमट हवेत गंधकाची ऑक्साइडे असल्यास पृष्ठभागाचे जिप्सम होते. ग्रॅनाइटला सोसणारी स्वच्छता येथे घातक ठरते, आणि प्रथम झिजते ती अक्षराची कड. झिलई पुन्हा चढविता येते. मात्र त्यासाठी पृष्ठभाग घासावा लागतो व तितकीच अक्षरांची खोली घटते.