हँडेलचा इजिप्त आणि मुंबईचा नाच

पॉम्पेचा पाठलाग करीत इजिप्तला पोचलेल्या सीझरची कथा हँडेलने १७२४ मध्ये लंडनच्या किंग्ज थिएटरात मांडली. या 'जूलिओ चेझारे'च्या संगीतात इजिप्तचा मागमूस नाही. क्लिओपात्राही सीझरसारखीच युरोपीय दरबारी थाटात, इटालियन भाषेत गाते. मग रंगमंचावर पूर्व दाखवायची कशी? २००५ मध्ये ग्लाइंडबर्नला डेव्हिड मॅकव्हिकर यांनी रोमनांना ब्रिटिश साम्राज्याचा लष्करी वेश दिला आणि क्लिओपात्राला हिंदी चित्रपटातला नाच. ध्वनिचित्रमुद्रणात तो पाहताना आपण आधी हसतो, मग जरा अवघडतो.

तरी तो नाच निव्वळ गंमत नाही. त्या काळच्या आरियाची घडण अशी: पहिला भाग, वेगळ्या भावाचा दुसरा, आणि पुन्हा पहिला, गायकाच्या स्वतःच्या अलंकारांसह. मुखड्यावर परतण्याचे सुख आपल्याला ठाऊकच आहे. पंचाईत होते ती दिग्दर्शकाची. शब्द तेच, कथा जागची हलत नाही, मग नटाने करायचे काय?

याचे सर्वांत अस्सल उत्तर 'वा ताचितो'मध्ये सापडते. दबा धरणाऱ्या शिकाऱ्याचे हे गाणे, साथीला हॉर्न. सीझर आणि तोलोमेओ दरबारी नाचाच्या अदबशीर पावलांनी एकमेकांना जोखतात. परतून आलेले तेच शब्द आता धमकी वाटतात. कास्त्रातो सेनेसिनोसाठी लिहिलेला सीझर इथे सेरा कॉनोली ही स्त्री गाते. बालगंधर्वांच्या मुलखात याचे नवल वाटू नये. दिशा तेवढी उलटी.

श्रीलंकन वंशाच्या डॅनिएल द नीसची क्लिओपात्रा 'लिडिया' बनून सीझरला भुलवते, तोवर तिचा नाचही पटतो. जेत्याला जी पूर्व पाहायची आहे, तीच ही राणी हिशेबाने दाखवते. पण तिसऱ्या अंकात सोंग उतरलेले असते, सीझर जिवंत परतलेला असतो, आणि 'दा तेम्पेस्ते'च्या आनंदातही ती नाचतेच. आता हा नाच कोणासाठी? सीझरला फसवायचे उरलेले नाही; उरतो तो फक्त प्रेक्षक, आणि त्याला हवी असलेली पूर्व. दिग्दर्शकाचा उपरोध इथे लटका पडतो. टाळ्या मात्र इथेच कडाडतात.

त्याआधी बंदिवान क्लिओपात्राचे 'पियांजेरो' येते. रडणे, मधल्या भागात भूत होऊन जुलमी भावाला छळण्याची प्रतिज्ञा, मग पुन्हा तेच रडणे, अधिक थकलेले. तिथे नाच नाही, आणि त्याची उणीव क्षणभरही भासत नाही.