नावडतीचे मीठ आणि क्रीडापानाची भाषा

पेणकरपाड्यातल्या माझ्या घरी पलंगाखाली पत्र्याची एक पेटी आहे. एका मराठी दैनिकाच्या क्रीडा विभागात उपसंपादक म्हणून मी जी वर्षे काढली, त्यांची कात्रणे तिच्यात आहेत. रात्रपाळी संपवून शेवटच्या लोकलने मीरा रोडला उतरायचे, दुसऱ्या दिवशी दुपारी अंकातून आपले पान कापून ठेवायचे, अशी सवय होती. या पावसाळ्यात पेटीला ओल लागली म्हणून सगळे बाहेर काढले, तेव्हा दोन कात्रणे शेजारी शेजारी आली. पहिले १७ मे २०१३ चे, आठ कॉलमी. दुसरे जुलै २०१५ चे, एक कॉलमी, जाहिरातीच्या डोक्यावर बसवलेले. दोन्हींचे मथळे माझेच. पहिल्यात ‘कलंकित’ हा शब्द आहे. त्याच्या मागेपुढे ‘कथित’ नाही, प्रश्नचिन्हही नाही. दुसऱ्यात ज्याच्याविषयी बातमी आहे, त्या मुंबईच्या खेळाडूचे नावसुद्धा मथळ्यात नाही.

तो खेळाडू म्हणजे अंकित चव्हाण. हा लेख तो दोषी की निर्दोष हे ठरवण्यासाठी नाही. सट्टेबाजीच्या प्रकरणात सापडलेल्या खेळाडूला वृत्तपत्रे आणि वाहिन्या कोणत्या मापाने मोजतात, आणि त्या मापात ‘तो आपल्याला आवडतो का’ या प्रश्नाचे वजन किती, एवढेच तपासायचे आहे. नावडतीचे मीठ अळणी, ही म्हण आपण घरातल्या राजकारणासाठी वापरतो. ती क्रीडापानालाही लागू पडते, असे मला दिसते. मात्र तिथे नावडती कोण, हे वाटते तितके सरळ नाही.

सुरुवात २००० सालापासून करू. ७ एप्रिलला दिल्ली पोलिसांनी हॅन्सी क्रोनिएचे नाव घेतले आणि वर्षभरात प्रकरण भारतीय संघाच्या दारात आले. मनोज प्रभाकरने कपिल देववर आरोप केला. मे महिन्यात करण थापर यांच्या मुलाखतीत कपिल कॅमेऱ्यासमोर रडला. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाला कपिलविरुद्ध विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही, ही वस्तुस्थिती आहे आणि ती महत्त्वाची आहे. पण आम्ही कपिलच्या बाजूने कधी उभे राहिलो? अहवाल आल्यावर नव्हे, त्या अश्रूंच्या दिवशीच. १९८३ चा विश्वचषक उंचावणारा माणूस खोटे रडणार नाही, असे आम्ही गृहीत धरले. निष्कर्ष बरोबर निघाला म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही. आणि आरोप करणारा प्रभाकर आरोपीपेक्षाही नावडता झाला. त्याचे सांगणे तपासण्याआधी आम्ही त्याचा स्वभाव तपासला.

डिसेंबर २००० मध्ये क्रिकेट मंडळाने महंमद अझरुद्दीन व अजय शर्मा यांच्यावर आजीवन, तर अजय जडेजा व प्रभाकर यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. यातल्या तिघांची पुढची वाटचाल पाहा. जडेजाची बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये उठवली आणि तो दूरचित्रवाणीवर हसतमुख विश्लेषक झाला. १९९६ च्या विश्वचषकात बंगळुरूला पाकिस्तानविरुद्ध २५ चेंडूंत काढलेल्या ४५ धावा प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे होत्या. बंदीचा उल्लेख हळूहळू गळून पडला. अझर २००९ मध्ये मुरादाबादहून खासदार झाला, २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने त्याची बंदी बेकायदा ठरवली, २०१६ मध्ये त्याच्यावर चित्रपट आला. अजय शर्माच्या नावावर प्रथम श्रेणीत दहा हजारांवर धावा आहेत, सरासरी ६७ च्या वर. कसोटी मात्र एकच. २०१४ मध्ये दिल्लीतील जिल्हा न्यायालयाचा निकाल त्याच्या बाजूने लागला. वाचकांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे? माझ्या पेटीत त्याचे एकही कात्रण नाही.

तरीही या तुलनेवर आक्षेप घेता येईल: या खेळाडूंवरचे आरोप आणि पुरावे सारखे नव्हते. म्हणून २०१३ चे प्रकरण अधिक उपयोगी आहे. तिथे एकाच संघातले तिघे, एकाच तपासात, एकाच रात्री सापडले.

१५ मे रोजी वानखेडेवर मुंबई इंडियन्स आणि राजस्थान रॉयल्सचा सामना झाला. त्यानंतर काही तासांतच दिल्ली पोलिसांनी श्रीशांत, अजित चंडिला आणि अंकित चव्हाण यांना मुंबईत अटक केली. ठरलेल्या षटकात ठरल्याएवढ्या धावा द्यायच्या, असा आरोप होता. पोलिसांनी रकमाही सांगितल्या: श्रीशांतला ४० लाख, चंडिलाला २० लाख, चव्हाणला ६० लाख. तिघांवर मकोका लागला, म्हणजे संघटित गुन्हेगारीसाठी महाराष्ट्राने केलेला आणि पुढे दिल्लीलाही लागू झालेला कायदा. सप्टेंबर २०१३ मध्ये मंडळाने श्रीशांत आणि चव्हाण यांच्यावर आजीवन बंदी घातली. २५ जुलै २०१५ रोजी दिल्लीच्या पतियाळा हाऊस न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केले. न्यायालयाने आरोपमुक्त केले म्हणून मंडळाच्या चौकशीतला ठपका पुसला गेला नाही, हे नोंदवायला हवे. पण तो तिघांच्याही बाबतीत तेवढाच खरा आहे.

आता पुढचे पाहा. श्रीशांत २००७ च्या विश्वचषकातल्या अंतिम झेलामुळे घराघरांत पोहोचलेला होता. बंदीच्या काळात तो नृत्याच्या कार्यक्रमात आला, २०१६ मध्ये केरळ विधानसभेची निवडणूक लढला, चित्रपटात दिसला, २०१८ मध्ये ‘बिग बॉस’चा उपविजेता झाला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाला शिक्षेचा फेरविचार करायला सांगितले आणि लोकपाल न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी बंदी सात वर्षांवर आणली. प्रत्येक टप्प्याची बातमी झाली. चव्हाणची बंदीही पुढे सात वर्षांवर आली, २०२१ मध्ये. ती बातमी आतल्या पानांवर येऊन गेली.

इथे मला माझे पहिले गृहीतक बदलावे लागले. श्रीशांत काही सर्वांचा लाडका नव्हता. त्याचे मैदानावरचे हावभाव, २००८ मधले हरभजनच्या थपडेचे प्रकरण यांमुळे अनेकांना तो डोळ्यांसमोर नको असे. मग त्याला जागा का मिळाली? माझे उत्तर असे: माध्यमांच्या हिशेबात ‘आवडता’च्या विरुद्ध ‘नावडता’ नसतो, ‘अनोळखी’ असतो. ज्याच्यावर राग काढता येतो, त्याचीही गोष्ट पुढे सांगता येते. तो चुकला, रडला, झगडला, परतला. ज्याचा चेहरा वाचकाच्या मनात आधीपासून नाही, त्याच्याकडे फक्त गुन्ह्याची बातमी असते. चव्हाण भारताकडून एकही सामना खेळला नव्हता. बहुतेकांनी त्याला पहिल्यांदा पाहिले ते पोलिसांच्या गराड्यात, तोंड झाकलेले. ती त्याची पहिली ओळख आणि शेवटचीही.

श्रीशांतकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याचे बळ होते, बातम्या त्या लढ्याच्या झाल्या, असे कोणी म्हणेल. ते अंशतः खरे आहे. पण शिक्षा तेवढीच कमी झाली तेव्हाही बातमीची जागा सारखी नव्हती, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

मराठी वृत्तपत्रांना तर चव्हाण परका नव्हता. तो मुंबईचा, आडनावाने आपला. अटकेनंतर त्याच्या लग्नासाठी न्यायालयाने सशर्त जामीन दिला आणि २ जूनला लग्न झाले, तेव्हा आमच्या स्वरात क्षणभर ओलावा आला. ती हळहळ लग्नापुरतीच टिकली. भाषा मात्र आधीच बदलली होती. क्रीडापान खेळाडूला पहिल्या नावाने हाक मारते: सचिन, कपिल, अझर. पोलीसवार्तेत माणूस आडनावाचा होतो. कपिलवर आरोप झाले तेव्हाही तो मथळ्यात ‘कपिल’च राहिला. अंकित एका रात्रीत ‘चव्हाण’ झाला. क्रियापदेही पाहा. ओळखीच्या खेळाडूला बुकी जाळ्यात ओढतो, तो मोहाला बळी पडतो. म्हणजे कर्ता दुसराच कोणीतरी. अनोळखी खेळाडू पैसे घेतो, देश विकतो. इथे कर्ता तो स्वतः. हे मी दुसऱ्यांवर ढकलत नाही. अशी वाक्ये मी स्वतः दुरुस्त करून छापायला पाठवली आहेत.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. शेन वॉर्न आणि मार्क वॉ यांनी १९९४ मध्ये एका बुकीकडून पैसे घेऊन खेळपट्टी व हवामानाची माहिती दिली. ऑस्ट्रेलियन मंडळाने दंड केला आणि ते १९९८ पर्यंत लपवून ठेवले. वॉर्नच्या चरित्रात आज ती तळटीप आहे. २०१० मध्ये लॉर्ड्सवर नो-बॉल टाकणारा अठरा वर्षांचा महंमद आमिर इंग्लंडमध्ये तुरुंगात गेला, पण कोवळा चेहरा आणि देखणी गोलंदाजी यांमुळे त्याच्यासाठी जेवढी सहानुभूती उमटली, तेवढी त्याच नो-बॉलच्या सौद्यात अडकलेल्या महंमद आसिफसाठी उमटली नाही. वयाचा मुद्दा न्याय्य आहे, पण त्याच्या आड आवडही बेमालूम शिरते.

या आवडीनिवडीचा खरा तोटा कोणाला? खेळाडूला आहेच, पण वाचकाला अधिक. आम्ही चेहऱ्यांत गुंतलो तेव्हा सट्ट्याची यंत्रणा नजरेआड राहिली. २०१३ मध्ये चेन्नई संघाशी संबंधित गुरुनाथ मय्यप्पन यालाही अटक झाली होती. न्यायमूर्ती मुद्गल समितीने चौकशी केली, न्यायमूर्ती लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान या संघांना दोन वर्षे निलंबित केले, मय्यप्पन व राज कुंद्रा यांना आजीवन बंदी घातली. २०१८ मध्ये चेन्नई परतली आणि त्याच वानखेडेवर अंतिम सामना जिंकली. आम्ही ते वनवास संपवून घरी येणे म्हणून रंगवले. धोनी सर्वांचा आवडता. त्याच्या आनंदात निलंबनाचे कारण आठवणे बेसूर वाटले. संघालाही आवडतेपणाचा फायदा मिळतो, तो असा. पुढे २०२० मध्ये पैसे लावून खेळायच्या ‘ड्रीम ११’चे नाव आयपीएलच्याच नावाआधी लागले. न्यायालयांनी तो कौशल्याचा खेळ मानला होता, त्यामुळे त्याची तुलना बेकायदा सट्ट्याशी करणार नाही. पण पैसा आणि सामना यांच्या नात्याविषयी आम्ही जे प्रश्न एका डावखुऱ्या फिरकीपटूला विचारले, ते त्या जाहिरातींना विचारले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, तेव्हा कुठे ती चर्चा पहिल्या पानावर आली.

उपाय फार मोठा नाही. आरोप, आरोपमुक्ती, बंदी आणि बंदीतली घट हे चार वेगळे शब्द आहेत; ते प्रत्येकासाठी त्याच अर्थाने वापरावेत. आणि ज्याच्या अटकेला आठ कॉलम दिले, त्याच्या सुटकेला निदान चार द्यावेत, मथळ्यात नावासह. मग तो रडो, हसो, की कॅमेऱ्यासमोर येणेच टाळो.

ओल वाळल्यावर मी कात्रणे पुन्हा पेटीत ठेवली. जुलै २०१५ च्या त्या एक कॉलमी बातमीच्या कडेला पेनाने अंकितचे नाव लिहिले. छापलेला मथळा त्याने बदलत नाही. पण संपादनाच्या टेबलावर आज जे बसतात त्यांच्यापुढे पुढच्या वेळी असाच एक अनोळखी चेहरा येईल. तेव्हा मथळा लिहिण्याआधी आपल्याला तो आवडतो की नाही, एवढे त्यांनी स्वतःला विचारले तरी पुष्कळ झाले. मी ते विचारले नव्हते.