‘दारोगार दप्तर’: मालिकेतल्या पोलिसावर आपण का विसंबतो?

हावड्याहून पूल ओलांडला की प्रियनाथ मुखोपाध्याय यांचे कोलकाता सुरू होते. तिथल्या पोलिसांच्या डिटेक्टिव्ह विभागात नोकरीला असतानाच त्यांनी १८९२ साली ‘दारोगार दप्तर’ ही मासिक पुस्तकमाला काढली (दप्तर शाळेचे नव्हे, कचेरीचे). तिचे दोनशेवर अंक निघाले. दर महिन्याला गुन्हेगार नवा, सांगणारा दारोगा मात्र तोच. या ओळखीच्या आवाजाची वाचकाला सवय लागते. माझ्या मते धोकाही तिथेच आहे. त्रैलोक्याने अनेक बायकांचे खून केले होते. तिने कबुली द्यावी म्हणून तिने वाढवलेल्या हरीलाच अडकवल्याचा बनाव दारोगाने रचला. वाचताना तुम्हीही त्याच्या चतुराईवर खूश व्हाल. तेव्हा जरा थांबा आणि त्रैलोक्याचे बोलणे कोणाच्या लेखणीतून येते आहे ते पाहा.