डावीकडून तिसरा

संगणकाच्या पडद्याच्या तळाशी किंवा कडेला आयकॉनांची जी पट्टी असते, तिला डॉक म्हणतात. दिवसभरात आपला हात सगळ्यात जास्त वेळा जातो तो तिच्याकडे. तरी तिच्याविषयी जे लिहिलं जातं ते बहुतेक दोनच प्रकारचं असतं : ती कशी सजवायची याच्या कृती, आणि सजवून झाल्यावरचे स्क्रीनशॉट. इमारतींची समीक्षा होते, खुर्च्यांची होते, पुस्तकांच्या मुखपृष्ठांचीही होते. डॉक हीदेखील कुणीतरी विचार करून रचलेली वस्तू आहे, आणि तो विचार चुकलेलाही असू शकतो. त्यामुळे तिचीही समीक्षा व्हायला हरकत नाही.

या लेखात मी डॉकला एकच निकष लावणार आहे. ठेवलेली वस्तू ठेवलेल्या जागी राहते का? या निकषावर पाहिलं तर गेल्या साडेतीन दशकांत डॉक देखणा होत गेला आणि बिघडत गेला, असं माझं म्हणणं आहे.

निकष नवा नाही, घरातलाच आहे. भांडी ठेवायच्या रॅकला आपण 'मांडणी' म्हणतो, आणि रचनेलाही मांडणीच म्हणतो. मिसळणाच्या डब्यात सहा-सात वाट्या असतात. कुठल्याच वाटीवर नाव लिहिलेलं नसतं. मोहरी तडतडायला लागली की हिंग कुठे आणि हळद कुठे हे बघत बसायला सवड नसते. हात आपोआप जातो. तिथे जागा हेच नाव. घरी आलेल्या एखाद्या आत्याने हौसेने डबा घासूनपुसून वाट्या नव्या क्रमाने लावल्या, तर डबा लख्ख दिसतो आणि फोडणी करपते.

डॉकचंही असंच आहे. आयकॉनखाली नाव नसतं. माउस त्यावर नेला तरच दिसतं. चित्रावरून ओळखावं, तर निम्मे आयकॉन निळे आणि बाकीच्यांपैकी बरेचसे गोल. म्हणून रोज वापरणारा माणूस चित्र बघून नव्हे, तर जागा आठवून क्लिक करतो. ब्राउझर कुठला, तर डावीकडून तिसरा. हा पत्ता बदलला की नुसतं चित्र हललं असं होत नाही, नाव बदललेलं असतं.

आता थोडा इतिहास. ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीच्या संगणकांवर 1987 मध्येच पडद्याच्या तळाशी आयकॉनांची पट्टी होती. पण आज ज्याला आपण डॉक म्हणतो, त्याचा थेट पूर्वज 1988 च्या नेक्स्ट संगणकात सापडतो. ॲपलमधून बाहेर पडल्यावर स्टीव्ह जॉब्सने काढलेली ही कंपनी. नेक्स्टस्टेपमध्ये डॉक पडद्याच्या उजव्या काठाला उभा असे. सगळ्यात वर, कोपऱ्यात, कंपनीचं चिन्ह आणि त्याखाली सारख्या आकाराच्या चौकोनी फरश्या. जो प्रोग्रॅम चालू नाही त्याच्या फरशीवर तीन टिंबं दिसत. चालू झाला की टिंबं जात. पडद्यावर जागा हवी असेल तर वरचं चिन्ह खाली ओढून अख्खा डॉक खाली सरकवता येई.

या रचनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट चटकन नजरेत भरत नाही. डॉकमध्ये न ठेवलेला एखादा प्रोग्रॅम चालू केला, तर त्याची फरशी डॉकमध्ये घुसत नसे. ती पडद्याच्या तळाशी वेगळी मांडली जाई. काठाला तुम्ही ठरवलेलं, तळाला आत्ता चाललेलं. रोजच्या भांड्यांची मांडणी वेगळी आणि ओट्यावर पसरलेला पसारा वेगळा. पसारा कितीही वाढला तरी मांडणी जागची हलत नसे.

ॲपलने 1996 च्या अखेरीस नेक्स्ट विकत घेण्याचं जाहीर केलं आणि जॉब्स परतला. जानेवारी 2000 मध्ये त्याने मॅक ओएस टेनचं ॲक्वा हे नवं रूप दाखवलं. मार्च 2001 मध्ये ते लोकांच्या हाती आलं. त्यात डॉक तळाला आडवा झाला आणि मधोमध आला. माउस जवळ नेला की आयकॉन लाटेसारखे फुगू लागले, आणि मिनिमाइझ केलेली विंडो दिव्यातल्या राक्षसासारखी आकसून त्यात शिरू लागली. रंगमंचावरून दाखवायला याहून देखणं काही नव्हतं. पण काठाला आणि तळाला अशा दोन वेगळ्या जागा होत्या, त्या एक झाल्या. ठेवलेले प्रोग्रॅम, नुसते चालू असलेले प्रोग्रॅम, मिनिमाइझ झालेल्या विंडो, फोल्डर आणि कचऱ्याची टोपली, सगळं एकाच पट्टीत.

मधोमध असण्याचा हिशोब साधा आहे. आयकॉन 64 पिक्सेल रुंद धरा. पट्टी मध्यभागी असल्यामुळे एक नवा आयकॉन उजवीकडे आला की आधीचे सगळे 32 पिक्सेल डावीकडे सरकतात. तीन नवे प्रोग्रॅम उघडले की 96 पिक्सेल, म्हणजे दीड आयकॉन. हात सवयीने जिथे जातो, तिथे आता दुसराच कुणीतरी बसलेला असतो. आणि पट्टी पडद्याच्या रुंदीएवढी झाली की पुढे प्रत्येक भरतीसरशी सगळेच आयकॉन लहान होतात. म्हणजे जागाही बदलते आणि मापही.

आयकॉन फुगण्याचं समर्थन असं केलं जातं, की मोठ्या वस्तूवर नेम धरणं सोपं. 1954 मध्ये पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने मांडलेला नियम हेच सांगतो : लक्ष्य जितकं जवळ आणि जितकं मोठं, तितका हात लवकर पोहोचतो. पण डॉकमधला आयकॉन बाण पट्टीवर पोहोचल्यानंतर फुगतो. तोवर नेम धरायचा तो लहान आयकॉनवरच. शिवाय एक फुगला की शेजारचे बाजूला ढकलले जातात. त्यामुळे शेजारी जिथे दिसतो तिथे बाण न्यावा, तर तोवर तो तिथून हललेला असतो. नियमाचा फायदा डोळ्यांना मिळतो, हाताला फारसा नाही.

हे आक्षेप त्याच वेळी घेतले गेले होते. ॲपलच्या सुरुवातीच्या काळात तिथे इंटरफेसचं काम केलेल्या ब्रूस टोग्नाझिनीने डॉकवर कडक टीका लिहिली. जॉन सिराक्युसाने आर्स टेक्निकामधल्या त्याच्या लांबलचक परीक्षणांतून ती वर्षानुवर्षं चालू ठेवली. तरी डॉक टिकला. का टिकला, याचंही उत्तर द्यायला हवं. नाहीतर ही समीक्षा एकतर्फी होईल. नवख्या माणसासाठी डॉक खरोखरच सोपा आहे. काय उघडता येईल आणि काय उघडलेलं आहे, हे एका नजरेत कळतं. मेन्यूंच्या पोटात शिरावं लागत नाही. पहिल्या दिवशी तो उत्तम आहे. माझा आक्षेप आहे तो शंभराव्या दिवसाविषयी, हात शिकलेला असतो तेव्हाचा.

'तुम्हाला हवा तसा करून घ्या ना' या उत्तरातही थोडं तथ्य आहे. मॅकवर फुगणं बंद करता येतं. पट्टी डाव्या-उजव्या काठाला नेता येते. 2009 पासून मिनिमाइझ केलेली विंडो तिच्या प्रोग्रॅमच्या आयकॉनमध्येच ठेवता येते, म्हणजे निदान ती तरी रांगेत घुसत नाही. आणि एके काळी, सेटिंगच्या विंडोत न दिसणारी पण टर्मिनलमधून देता येणारी एक आज्ञा होती, जिने डॉक मधोमध न ठेवता एका टोकाला बांधता येई. माझ्या मते मॅकच्या डॉकमधला सगळ्यात महत्त्वाचा पर्याय तोच होता. तो कधी उजेडात आला नाही आणि पुढच्या आवृत्त्यांत चालेनासा झाला.

लिनक्सवर मोकळीक जास्त. प्लँक हा छोटासा डॉक त्याचं चांगलं उदाहरण. कंट्रोल दाबून उजवं क्लिक केलं की त्याची सेटिंग उघडतात : काठ कुठला, आयकॉन केवढे, कोणत्या बाजूला टेकवायचे, लपायचं कधी. त्यातला प्रत्येक आयकॉन म्हणजे डिस्कवर एक छोटी मजकुराची फाइल. फाइल उघडली की आत त्या प्रोग्रॅमचा पत्ता दिसतो. झाकलेलं काही नाही. पण सजवलेल्या डॉकांचे स्क्रीनशॉट पाहिले की लोकांचा वेळ कशात जातो ते कळतं. पारदर्शक काच, एका छापाचे आयकॉन, आणि काठापासून चार बोटं वर तरंगणारी पट्टी. इथेही फिट्स आठवावा. पडद्याच्या काठाला बाण आपोआप अडतो, म्हणून काठाला टेकलेला आयकॉन न बघताही गाठता येतो. पट्टी तरंगती केली आणि खालच्या फटीत क्लिक लागत नसेल, तर हा फायदा आपण होऊन सोडून दिला. सगळे आयकॉन एका छापाचे केले, की चित्रावरून ओळखण्याची उरलीसुरली सोयही गेली.

आपोआप लपणाऱ्या डॉकचंही तसंच. लहान पडद्यावर तो लागतो, हे मान्य. पण वस्तू दिसायच्या आधी दार उघडायची वाट पाहावी लागली, तर ती मांडणी राहिली नाही, कपाट झालं. त्यापेक्षा लहान आयकॉनांची, कायम दिसणारी पट्टी बरी.

हात सुखावणारे बदल फोटोत उठून दिसत नाहीत. पट्टी एका कोपऱ्याला बांधणं. महिन्यातून एकदाच लागणारे प्रोग्रॅम काढून टाकणं. उरलेल्यांचा क्रम एकदा ठरवून पुन्हा न बदलणं. विंडोजवर विंडोज-की धरून 1, 2, 3 दाबलं की टास्कबारवरचा त्या क्रमांकाचा प्रोग्रॅम उघडतो. उबुंटूच्या डॉकवरही हे चालतं. जागा हाच पत्ता, हे ज्या कुणाच्या लक्षात आलं त्याने केलेली ही सोय.

मात्र हे सगळं करूनही एक प्रश्न उरतो : ही जागा कुणाच्या मालकीची? उबुंटूच्या युनिटी डेस्कटॉपचा लाँचर डाव्या काठाला, वरून सुरू होणारा होता. जागा न हलण्याच्या बाबतीत तो नेक्स्टच्या फार जवळचा. पण तो दुसऱ्या काठाला नेण्याची मुभा 2016 पर्यंत मिळाली नाही. मॅकने 2018 मध्ये 'अलीकडे वापरलेले' प्रोग्रॅम डॉकमध्ये दाखवायला सुरुवात केली. बंद करता येतं, पण आधी हजर. 2021 मध्ये विंडोज 11 ने टास्कबार मधोमध आणला आणि वर किंवा बाजूला नेण्याची सोय काढली. मधोमध असल्यामुळे स्टार्टचं बटणही उघडलेल्या प्रोग्रॅमांच्या संख्येनुसार सरकू लागलं. विंडोज 95 पासून कोपऱ्यात बसलेलं बटण! डावीकडे नेण्याचा पर्याय आहे; तो शोधणाऱ्यासाठी.

लिनक्सवरही जागा तितकीशी आपली नाही. केडीईवर लोकप्रिय असलेल्या लाटे डॉकच्या मुख्य विकासकाने 2022 मध्ये काम थांबवलं. प्लँक जुन्या एक्स-11 पद्धतीवर उभा आहे. नव्या वेलँड पद्धतीत साध्या प्रोग्रॅमला इतरांच्या विंडो कुठे आहेत हे विचारता येत नाही, आणि डेस्कटॉपने वाट दिल्याखेरीज स्वतःला काठाला चिकटवताही येत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात अर्थ आहे. पण परिणाम असा, की डॉक हा वापरणाऱ्याने निवडून बसवायचा प्रोग्रॅम न राहता डेस्कटॉप बनवणाऱ्यांच्या मर्जीचा भाग होतो.

माझ्या व्यवसायातले लोक यावर खांदे उडवतात. 'डॉक वापरतंच कोण? दोन अक्षरं टाइप करायची, एंटर मारायचा.' हे मला पटत नाही. टाइप करून उघडायला प्रोग्रॅमचं नाव माहीत हवं, आणि ते बहुधा इंग्रजी स्पेलिंगसकट. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅमच्या नोंदीत मराठी नावासाठी जागा असते. कुणीतरी स्वयंसेवकाने भाषांतर केलं असेल तर ते नाव दिसतंही. पण देवनागरी कीबोर्ड लावून ते नाव टाइप करणारे किती असतील? निवृत्तीनंतर संगणक शिकलेल्या काकांना ब्राउझरचं नाव विचारून बघा. नाव बहुधा सांगता येणार नाही. 'तो डावीकडून तिसरा' हे मात्र पक्कं ठाऊक असतं. एका अपडेटने तो पाचवा झाला, की आपल्यासाठी ती दोन मिनिटांची चिडचिड. त्यांच्यासाठी कमावलेलं ज्ञान एका रात्रीत खोटं ठरतं. पुष्कळदा ते स्वतःलाच दोष देतात : 'माझ्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं असेल.'

म्हणून डॉकची जागा हा मला हौशी लोकांच्या आवडीनिवडीचा मामला वाटत नाही. सवय ही वापरणाऱ्याने श्रमाने उभी केलेली गोष्ट आहे. ती त्याच्या हातात असते, कंपनीच्या सर्व्हरवर नव्हे, म्हणून ती कुठल्या हिशोबात धरली जात नाही. 1988 च्या त्या काळ्या-करड्या, कुठेही न फुगणाऱ्या पट्टीत दाखवण्यासारखं फार काही नव्हतं. पण वापरणाऱ्याने जिथे ठेवलं, तिथेच ते सापडत होतं. पुढचा डॉक बनवणाऱ्याने एवढं जरी पाळलं, तरी काचेचा रंग त्याच्या मनासारखा असायला माझी हरकत नाही.