कुलवृत्तान्तकाराचे दप्तर : एक मूल्यमापन

विसाव्या शतकात महाराष्ट्रात, विशेषतः कोकणस्थ ब्राह्मण घराण्यांत, कुलवृत्तान्त रचण्याची प्रथा चांगलीच रूढ झाली. हे काम अंगावर घेणारा गृहस्थ बहुधा व्यवसायाने इतिहासकार नसतो. निवृत्त कारकून, शिक्षक किंवा वकील असा तो कोणी असतो. पदरमोड करून गावोगाव हिंडतो, भाऊबंदांना माहितीपत्रके धाडतो, आणि वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर एक जाडजूड ग्रंथ सिद्ध करतो. घराणे तो ग्रंथ देवघराशेजारी ठेवते. विद्वान त्याला हौशी काम म्हणून बाजूस सारतात. दोघांची दृष्टी छापील ग्रंथापाशीच थांबते. वस्तुतः अशा संशोधकाचे खरे संशोधन त्याच्या दप्तरात, म्हणजे नकला, टाचणे, आलेली उत्तरे आणि कच्च्या वंशावळी यांत असते. दप्तराचा ग्रंथ होताना त्यातील कोणता पुरावा नाहीसा होतो, हा येथे विचाराचा विषय आहे.

प्रथम मूळ साधनाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. जुनी वंशावळ ही अनेकदा तंट्यातून जन्मलेली असते. वतनाचा वाद उभा राहिला की वादी आपला करीना सादर करी, आणि आपला हक्क मूळ पुरुषापर्यंत नेऊन भिडवी. अशी वंशावळ म्हणजे एका पक्षाचे म्हणणे होय. राजकुलांचीही गोष्ट याहून फार निराळी नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेले भोसले वंशाचे मराठी चरित्र हे इतिहासाइतकेच प्रतिष्ठेचेही विधान आहे. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली. त्यानंतरच्या संकलकाला वंशावळीतून कोणताही हक्क साधावयाचा नसतो. तरीही तो जुन्या पक्षकाराची बाजू निष्पक्ष वृत्तान्त समजून उतरून घेतो, हा त्याचा पहिला दोष.

दुसरा दोष लिप्यंतराचा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सामान्यतः पाळलेला नसतो, आणि शब्द न तोडता ओळ सलग लिहिलेली असते. त्यामुळे बालबोध नकलेतील ऱ्हस्व-दीर्घ आणि शब्दांची तोड ही नक्कलकाराची असते, मूळ लेखकाची नव्हे. ‘रामाजीनाईक’ या सलग अक्षरांतील ‘नाईक’ हे आडनाव की उपाधी, याचा निर्णय लिपी देत नाही. नक्कलकार मात्र एका जागेच्या फरकाने तो देऊन टाकतो. याहून मोठी हानी शुद्धीकरणाच्या हव्यासाने होते. कागदातील ‘राघो’, ‘नारो’, ‘मोरो’ ही रूपे ग्रंथात ‘रघुनाथ’, ‘नारायण’, ‘मोरेश्वर’ होऊन बसतात. कोणत्या पिढीत कोणते रूप प्रचारात होते आणि सहीत कोणते व हाकेत कोणते वापरले जाई, हे सांगणारा पुरावा अशा रीतीने सद्हेतूनेच पुसला जातो.

कालगणनेतही हेच घडते. ‘सन इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर व हजार, अर्थात सुहूर सन ११७१. मृगापासून सुरू होणारे हे सौर वर्ष इ. स. १७७०-७१ चे होय. आकडे अरबी आहेत एवढ्यावरून संकलकाने हाच सन हिजरी मानला, तर कागद १७५७-५८ चा ठरतो. तेरा वर्षांच्या या चुकीने पानिपतानंतरचा माणूस पानिपतापूर्वीचा होतो, आणि त्याच्या बापाचा व मुलाचा काळ ओघानेच बिघडतो. दप्तरात मूळ शब्द राखलेले असतील तर चूक दुरुस्त करता येते; ग्रंथात केवळ इसवी सन छापलेला असेल तर तो मार्ग खुंटतो.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीने आणखी एक घोटाळा संभवतो. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. पेशव्यांच्या बाबतीत ही दोन माणसे कोणी एक समजणार नाही. पण सामान्य घराण्याच्या कागदात बापाचे नाव फाटून गेले असेल, तर आजा आणि नातू एकरूप होण्यास वेळ लागत नाही. आडनावाचा आधारही लटका असतो. ‘कुलकर्णी’ किंवा ‘देशपांडे’ हे वृत्तिनाम अनेक असंबद्ध घराण्यांना लाभले आहे. उलट एकाच घराण्याची एक शाखा वृत्तीवरून आणि दुसरी गावावरून ओळखली जाते.

सर्वांत गंभीर उणीव स्त्रियांविषयीची आहे. वंशवृक्षात पत्नीचे केवळ सासरचे नाव येते, आणि मुलीची फांदी ‘कन्या २’ अशा आकड्यावर संपते. श्राद्धविधीत माता, पितामही व प्रपितामही यांचा नामोच्चार होतो. म्हणजे धर्मविधीने तीन पिढ्या जपलेली स्मृती वंशवृक्षाने गमावली आहे. वास्तविक माहितीपत्रकांच्या उत्तरांत माहेरचे नाव आणि गाव पुष्कळदा लिहून आलेले असते. जागेअभावी संकलक ते गाळतो. भाषाभ्यासाच्या दृष्टीने ही हानी लहान नव्हे. मूल पहिली भाषा बहुधा आईच्या तोंडून ऐकते. घाटावरील घरात कोकणातून किती सुना आल्या, हे ठाऊक नसता त्या घराच्या बोलीतील कोकणी लकबींचा उलगडा कसा करावा? पुरुषांची दहा नावे सलग मिळाली, तरी या प्रश्नाचे उत्तर त्यांत सापडणार नाही.

म्हणून हौशीपणा हा स्वतः दोष ठरत नाही. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करणारे वि. का. राजवाडे हेही विद्यापीठीय अध्यापक नव्हते. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती आज ग्राह्य धरल्या जात नाहीत. परंतु त्यांनी निष्कर्षाबरोबर मूळ कागदही छापले, आणि म्हणून त्यांचे निष्कर्ष नाकारणाऱ्यालाही त्यांच्याच खंडांचा आधार घ्यावा लागतो. कुलवृत्तान्तकाराकडून अपेक्षा करावयाची ती एवढीच : नक्कल मुळाबरहुकूम असावी, शंकेची जागा शंका म्हणूनच नोंदलेली असावी, आणि ग्रंथ छापून झाला म्हणून दप्तर रद्दीत जाऊ नये. विद्यापीठीय अभ्यासकांचे कर्तव्यही यातूनच निष्पन्न होते. एखाद्या घराण्याचा कुलवृत्तान्त हाती आला, तर त्याच्या खरेखोटेपणाचा निवाडा करण्यापूर्वी त्याच्या कर्त्याचे दप्तर कोठे आहे, हे विचारले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी हा प्रश्न विचारण्यास आधीच उशीर झालेला आहे.