पेटीवरची ‘तीन मिनिटे’

दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमणाचे दिवस जवळ आले, की मुलांना घेऊन जाणाऱ्या कोल्हापूरच्या शिक्षकांपुढे प्रश्न पडतो : स्टोव्ह कोणता न्यायचा? उत्तर बहुधा पेटीवरचा आकडा पाहून दिले जाते. या स्टोव्हवर लिटरभर पाणी तीन मिनिटांत उकळते, त्यावर पाच. आमचा आक्षेप या आकड्यालाच आहे. पाणी आधी किती अंशांचे होते, भांड्यावर झाकण होते का, वारा होता का, हे पेटी सांगत नाही. आणि पावनखिंडीच्या वाटेवर तर वारा आणि पाऊस हेच मुख्य!

खरे विचारायचे ते इंधन किती लागले हे. 20 अंशांचे लिटरभर पाणी उकळायला (पन्हाळ्याच्या उंचीवर ते सुमारे 97 अंशांनाच उकळते) साधारण 325 किलोज्यूल उष्णता लागते. एक मिलिलिटर रॉकेल सुमारे 35 किलोज्यूल देते. म्हणजे नऊ-दहा मिलिलिटर पुरायला हवे. पण निम्मी उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाते, तेव्हा 20 धरावे. आडोसा नसेल तर पुष्कळ जास्त.

स्पिरिट याच्या दीडपटीहून अधिक लागते. शिवाय त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. विझला असे समजून कोणी वरून ओततो आणि आग थेट बाटलीत शिरते. मुलांच्या सहलीसाठी आम्ही तो बाद करतो.

राहिला पितळी पंपाचा स्टोव्ह. स्वीडनच्या लिंडक्विस्टने तो 1892 साली बनवला, आणि 1911 मध्ये अमुंडसेनची तुकडी असलाच स्टोव्ह घेऊन दक्षिण ध्रुवावर गेली. वर्गात मात्र त्याचे स्पष्टीकरण अनेकदा चुकीचे दिले जाते : पंप मारला की ज्योतीला हवा मिळते. तसे नाही. पंपाची हवा फक्त रॉकेल वर ढकलते. तापलेल्या नळीत त्याची वाफ होते, बारीक छिद्रातून ती जोराने सुटते आणि जाताना भोवतालची हवा ओढून घेते. जळायला लागते ती ही बाहेरची हवा. काकड्याने बर्नर आधी नीट तापवायचा तो याचसाठी. घाई केली की वाफेऐवजी रॉकेलच वर येते आणि पिवळा भडका उठतो.

रॉकेल आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही. मग ‘पेट्रोल घाला, चालते’ असे सांगणारे भेटतात. रॉकेलची वाफ पेट घेण्याजोगी व्हायला ते 35-40 अंशांपर्यंत तापावे लागते. पेट्रोलला शून्याखाली 40 अंशही पुरतात. पितळी स्टोव्हची टाकी तर बर्नरच्या अगदी खाली. ती तापली की पेट्रोलच्या वाफेचा दाब आपोआप चढतो आणि झिजलेल्या वायसरमधून वाफ बाहेर येते, ती ज्योतीपासून वीतभर अंतरावर! पेट्रोलसाठी खास केलेल्या अनेक स्टोव्हमध्ये इंधनाची बाटली लांब नळीने दूर ठेवलेली असते, ती उगाच नव्हे.

रॉकेल मिळाले तर पितळी स्टोव्ह, पत्र्याचा आडोसा, जादा पिना व वायसर न्यावेत. न मिळाल्यास वाटेवरच्या गावात जेवण सांगावे. पाऊस कितीही असो, तंबूत स्टोव्ह पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

निघण्यापूर्वी शाळेच्या मैदानावर मुलांकडून स्टोव्ह भांडे तापवण्याआधी आणि नंतर तोलून घ्यावा : एकदा झाकण ठेवून, एकदा न ठेवता, एकदा आडोशाशिवाय. वजनातला फरक फळ्यावर मांडावा.